दादांचा नंबर

मंगळवार, संध्याकाळ

बियाण्याच्या प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल क्लाउडवर टाकला, आता कुठूनही उघडंल, असं मीच सगळ्यांना सांगत फिरलो. कुठूनही, म्हणे. आज गोदामात ट्रक भरून उभा, अन् अहवालाबिगर सोडता येईना. लॉगिनचा ओटीपी थोरल्या भावाच्या मोबाइलवर जातो. दादा घरात मोठे, म्हणून मानानं त्यांचाच नंबर दिल्ता मी. अन् दादा जांबला देवळात, मोबाइल बंद करून. ट्रक दिवसभर जागेवरच.

परत आल्यावर दादा म्हणाले, "म्हंजी माझ्याबिगर काहीच उघडत न्हाई तर." इतकं खूष मी त्यांना किती दिवसांत पाहिलं न्हाई.

नंबर बदलायचा तर त्याचाही ओटीपी त्यांच्याकडंच जाणार. मागितला तर देतीलही. पण काय सांगून मागू?