सुकेळी उलटताना

मु. होळी, वसई
दि. ६ मे २०२४

तीर्थस्वरूप काशिनाथदादास,
हेमांगीचा सादर प्रणाम.

तीन वर्षांनी का होईना, अक्षर ओळखशील अशी अपेक्षा आहे. त्यात बदल झालेला नाही. फोनवर आवाज स्थिर राहील याची खात्री नाही, म्हणून हे पत्र ग्लोरियाच्या हाती नायगावला पाठवीत आहे. ती रोज तिथूनच माझ्याकडे कामाला येते.

वाडीत यंदा राजेळी केळी उत्तम आली. सुकेळी नेहमीप्रमाणे गच्चीवर घातली. केळी उन्हात सुकवण्याचा खटाटोप आता आळीत फारसा कोणी करीत नाही. जे करतात त्यांची काळी पडतात. माझी मधाच्या रंगाची आहेत. तुझ्या वाट्याची बांधून ठेवली होती, मग सोडली. तुला चालत नाहीत.

मलाही चालत नाहीत. फेब्रुवारीपासून.

तीन महिन्यांची सरासरी साखर साडेदहा निघाली. मी प्रयोगशाळा बदलून पुन्हा तपासून घेतली. अठ्ठावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास का ठेवावा? तिथे पावणेअकरा आली. तेव्हापासून भात वाटीने मोजते, गोळ्या वेळेवर घेते, रोजची नोंद ठेवते. डॉक्टरांनी वहीचे कौतुक केले. पायांत मुंग्या येतात का, असे विचारले तेव्हा मी 'नाही' म्हणाले. येत होत्या.

परवा भर दुपारी सुकेळी उलटायला वर गेले. अर्थात अनवाणी, चप्पल घालून सुकेळ्यांपाशी जाऊ नये, हा आईचा नियम मी कधी मोडलेला नाही. अर्धा तास होते. लादी तापल्याचे जाणवले नाही, आणि खरे सांगते, मला अभिमान वाटला की या वयातही सोसवते. खाली आले तर ग्लोरिया फरशी पुसता पुसता थांबली.

"बाई, तुमच्या पावलांचं पानी कसलं उमटतंय?"

"गच्चीवर सांडलं असेल."

"या उन्हात गच्चीवर पानी? बसा. पाय दाखवा."

दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. डाव्या पायाचे फुटले होते. दादा, मला काहीही दुखत नव्हते. अजूनही दुखत नाही. आज अंगठ्यालगतची कडा काळसर दिसते आहे.

डॉक्टरांकडे गेलेले नाही. ते काय म्हणतील याचीच भीती वाटते, कारण तुझ्या पायाची दोन बोटे काढली तेव्हा, तुझ्या सूनबाईंसमोर, मी म्हणाले होते, "जिभेला शिस्त नसली की पायाला शिक्षा होते." तू डोळे मिटून म्हणालास, "तास संपला असेल तर जरा पाणी दे, मास्तरीणबाई." मी पाणी न देता निघून आले.

ते वाक्य शास्त्रदृष्ट्याही चूक होते.

एकच विचारायचे आहे. तुझ्या बोटाची जखम पहिल्यांदा दिसली, तेव्हा दुखत होती का? 'हो' असेल तर ग्लोरियाजवळ दोन ओळी दे. माझे वेगळे आहे असे समजून मी उद्या रात्री झोपेन.

'नाही' असेल तर लिहू नकोस. ये, आणि मला डॉक्टरांकडे ने.

पाण्याचा तांब्या भरून बसलेली,
तुझी
हेमांगी