खो दिसत नाही

अप्पा, तुम्ही हयात होतात तेव्हा मैदानावर कॅमेरा आणायची पद्धत नव्हती, नाहीतर शिट्टी तोंडात धरून उभे असलेले तुम्ही घरात एखाद्या भिंतीवर तरी असतात. आता माझ्याकडे कॅमेरा आहे. मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याचा डीएसएलआर कपाटात टाकून गेला, मला म्हातारीलाही असंच कुठेतरी ठेवून गेला. निवृत्तीनंतर सोसायटीच्या भजनी मंडळात बसण्यापेक्षा मी तो उचलला आणि नेरूळला आमच्या इमारतीमागच्या मैदानावर मुलांचे खेळ टिपायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. या वयात कोणी काही सांगत नाही, तोच एक फायदा आहे.

धावणारं मूल फोटोत स्थिर पकडायचं तर शटर डोळ्याच्या पापणीपेक्षा कितीतरी लवकर मिटावं लागतं. मूल आहे तिथे नेम धरून उपयोग नसतो, ते येणार असतं तिथे धरावा लागतो. आणि उभ्याने काढलेले फोटो वाईट येतात, नुसत्या टाळक्यांचे. म्हणून मी सीमारेषेजवळ बुटक्या स्टुलावर बसते आणि मग उठताना दोन आयांना हात द्यावा लागतो. बटण दाबून धरलं की आतला आरसा खटाखट वरखाली होतो आणि एका झेपेचे दहाबारा फोटो निघतात. आया-बापांना ते सगळे हवे असतात, पण आपल्याच पोरीचे. "आंटी, हिचे जरा जास्त काढा ना, आणि पडलेला तो डिलीट करा प्लीज, आजोबांना टेन्शन येतं." मी एकीला म्हटलं, पडलेलाच फोटो चांगला आलाय, बाकीच्यांत ती पळतेय की बस पकडतेय ते कळत नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बरं झालं.

खो-खोच्या संघात सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. तेरा वर्षांची, काटकुळी, आणि वळताना अशी वाकायची की तिची सावलीसुद्धा मागे राहायची. तिची आई नेरूळच्या बाजारात मासळी विकते. सरावाला एकदा पाटी घेऊन तशीच आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "फोटो काढतंस तं काढ बाय. पन यंदा हिला जिल्ह्याच्या टीमात नाय घेतली तं बास झाला खेल. सांजच्याला माझ्याबरोबर बसल बाजारात." तिचं चुकत होतं असं मला म्हणवेना. मुलगी ऐकत होती. ती बोलायचीच नाही. शाळा इंग्रजी, बाकीच्या पोरी इमारतींतल्या. ही 'हाय' आणि 'नाय' म्हणाली की त्या मागून तसंच म्हणून हसायच्या. मग तिने तोंडच मिटून घेतलं. हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात मराठी बोलले म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली आहे, आणि चांगल्या घरच्या मुली आवाज चढवत नाहीत हे सिस्टरांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मलाही ते खरंच वाटत होतं.

म्हणूनच तर सामन्यात पंच असताना तुम्ही माझ्यावर फाउल दिला होता. मी पुढचीच्या पाठीवर हात ठेवला, खो म्हटलं, आणि तुमची शिट्टी. "आवाज आला नाही." क्रीडा मंडळाच्या सगळ्या मैदानासमोर, स्वतःच्या मुलीवर. घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या दारात रडतेय, आईची पोळी तव्यावर करपतेय, आणि तुम्ही पाटावर बसून शांतपणे म्हणताय, "ओरडायची लाज वाटत असेल तर कॅरम खेळ. बसून खेळतात." त्यानंतर मी जे ओरडायला लागले ते ऑफिसात साहेब घाबरेपर्यंत. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

तर शाळांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना. मिनिट उरलेलं नाही, समोरची एक पळणारी बाद झाली की बरोबरी. आमची सारसोळ्याची मुलगी तिच्यामागे, माझ्याकडेच येतेय, आणि मी बटण दाबून धरलंय. तिने बसलेलीच्या पाठीवर हात टेकला, ती उठली, झेपावली, आणि शिट्टी. फाउल. उठलेलीला नियमाप्रमाणे उलट दिशेला जावं लागलं, पळणारी सुटली, वेळ संपली. एका गुणाने हरलो. संघाचे सर माझ्याकडे धावत आले. "आंटी, फोटो आहे ना? दाखवा त्यांना." होताच. मी अशी उठले की कोणाचा हात धरावा लागला नाही. पंचांच्या टेबलावर कॅमेरा आपटलाच म्हणा, आणि फोटो मोठा करून दाखवला. हात पाठीवर पाचही बोटांनी टेकलेला, पुढची अजून बसलेली, हिचं तोंड उघडं. मला बोलता येईल तेवढं मी बोलले, दोन्ही भाषांत.

पंच तरुण होता. त्याने फोटो नीट पाहिला, घाई केली नाही. म्हणाला, "मॅडम, हात मी पण पाहिला. खो दिसतोय का यात?"

"तोंड उघडं आहे तिचं."

"धाप लागली की सगळ्यांचंच उघडं असतं. आवाज यायला पाहिजे, मॅडम. मला नाही आला." मग त्याने मान वर केली. "तुम्ही तर अगदी शेजारी होतात. तुम्हाला आला?"

सगळे माझ्याकडे बघताहेत. सर, पोरी, पाटीवाली आई. ती मुलगी बघत नव्हती, चपलेचा पट्टा लावत होती. आणि अप्पा, माझ्या कानाशी त्या वेळी फक्त माझा कॅमेरा खटखटत होता. तिने मोठ्याने म्हटलं असेल, पुटपुटली असेल, नसेलही. मला माहीत नाही.

"नाही," मी म्हणाले.

"थँक्यू, मॅडम," तो म्हणाला, तुमच्याच चालीवर.

मुलगी जिल्ह्याच्या संघात गेली नाही. तिची आई जाताना माझ्यासमोर थांबली. "हो बोलली अस्तीस तं जीभ झरली अस्ती तुजी? एरवी तं लय चालते." मी कॅमेरा पिशवीत घातला. परवा बाजारात गेले. मासळीच्या ओट्यांकडून एक आवाज येत होता, खणखणीत, पार रिक्षास्टँडपर्यंत पोचणारा. "या बाय या, ताजं बोंबील, बगा तरी." तीच होती. इथे तिच्या 'बगा'ला कोणी हसत नव्हतं. मला पाहिलं आणि आवाज एकदम खाली गेला. "काकी, काय देऊ?" मी बोंबील घेतले. तिने न विचारता साफ करून दिले.

फोटो अजून कॅमेऱ्यातच आहेत. स्टूल गॅलरीत आहे, त्यावर कुंडी ठेवली आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरोबर केलंस. ते मला ऐकायचं नाही, म्हणून तुम्ही नाही आहात हेच बरं. 'आवाज आला का' हा प्रश्न मला पुन्हा कोणी विचारला, तर मी हो म्हणेन, तुमच्या डोळ्यांत बघून म्हणेन.