‘बदली’ या एका शब्दाची दुरुस्ती

मी भालचंद्र गुणवंत सबनीस, वय वर्षे ब्याऐंशी, पूर्वीचा धंदा मजूर पुरवठा, हल्ली काही नाही, राहणार फरीदाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही, औषधाची गुंगी नाही. शाळेत पाठ केलेल्या कविता अजून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणता येतात. शाबूत बुद्धीचा याहून चांगला दाखला मजजवळ नाही. २०१६ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात खोटे काही नव्हते, पण एक माणूस राहून गेला होता.

कलम १. राहते घर, तळमजला व वरची गच्ची, माझी एकुलती मुलगी अलकनंदा हिला. ती नोएडाहून इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. विकावे. मात्र फाटकाबाहेर भिंतीला लागून जो इस्त्रीचा ठेला आहे, तो विकत घेणाऱ्याने हलवू नये अशी अट खरेदीखतात घालावी. का, ते पुढे येईल.

कलम २. वासंतीचे दागिने अलकनंदाचेच आहेत, ते तिच्या आईने स्वतः दिले, मी फक्त सांभाळले.

कलम ३. पुस्तके. इयत्ता चौथी ते अकरावीची मराठी वाचनमाला, पुठ्ठे माझ्याच हातचे, पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेला द्यावीत. वडील सरकारी कारकून म्हणून १९४८ साली साताऱ्याहून दिल्लीत आले, तेव्हा मी सात वर्षांचा. बाहेर सगळी हिंदी, आणि शाळेच्या त्या दोन खोल्यांत मराठी. आमचे मास्तर हजेरीसुद्धा चालीवर घेत. नाव पुकारले की ‘हजर’ अशा बेताने म्हणायचे की पुढच्या नावाशी ताल जुळला पाहिजे. एखादा मुलगा गैरहजर असला की चालीत खड्डा पडे आणि मास्तर तिथे थांबत. तो खड्डा मला फार आवडे. का आवडे ते सांगता येत नाही. आता त्याचीच भीती वाटते.

कलम ४. माझा बालमित्र सूर्यकांत, हल्ली गुडगावला मुलीकडे, यास माझी पितळी दौत द्यावी. ती १९५५ सालच्या पाठांतर स्पर्धेतले दुसरे बक्षीस आहे. मी एका ओळीवर अडखळलो तेव्हा मागून सूर्यकांतने शब्द पुरवला. तो मुद्दाम चुकीचा पुरवला. पहिले बक्षीस त्याला मिळाले. दौत पाहून त्याला ते आठवावे एवढीच इच्छा. बाकीचे त्याला आठवतच असेल.

कलम ५. शववाहिनीवाल्यांची बर्फाची पेटी आणू नये. मुलगी नोएडात आहे, कोणासाठी थांबायचे नाही. मला कुठल्याही झाकण असलेल्या पेटीत, एक तासही, ठेवू नये. ही सूचना नाही, अट आहे.

कलम ६. लोखंडी कपाट. वासंती जन्मभर म्हणायची, “अहो, दार लावा ना ते! झुरळं शिरतात.” मी कधी लावले नाही. ज्याला कपाट मिळेल त्याने आधी कडी काढून टाकावी. गल्लीत सिलेंडरवाला पत्र्यावर पाना वाजवतो तेव्हा मी अजून उठून दार उघडायला जातो. कोणाचे दार, ते मला कळलेले असते.

कलम ७. आता ज्यासाठी हा कागद केला ते.

सूर्यकांत आणि मी १९८६ साली ‘दर्या लेबर सप्लाय’ काढली. नाव माझे. दिल्लीच्या दक्षिणेला मोठा कंटेनर डेपो होता. लोखंडी पेट्या तिथे भरायच्या, सील करायच्या आणि मालगाडीने मुंबईच्या बंदरात पाठवायच्या. समुद्र चौदाशे किलोमीटर दूर, पण कायद्याने ते बंदरच. मी शेजाऱ्यांना म्हणायचो, “मैं बंदर पर काम करता हूँ,” आणि सगळे खो खो हसायचे. हिंदीत बंदर म्हणजे माकड. वासंतीने शंभरदा सांगितले, “अहो, डेपो म्हणा.” मी हट्टाने बंदरच म्हणायचो. मराठी शब्द हिंदीत गेला की दुसराच होतो ही मला त्या काळी गंमत वाटायची.

रोज सकाळी डेपोच्या फाटकावर मी आमच्या मजुरांची हजेरी घेई, मास्तरांच्या चालीवर. बिहारची, पूर्वांचलची माणसे. त्यांना मजा वाटे. ‘हाजिर’ तालात म्हणत. पास पुठ्ठ्याचा, त्यावर तेव्हा फोटो नसे. एखादा आजारी पडला की तो आपला पास दुसऱ्याला देऊन पाठवी. अशा माणसाला मराठीत बदली म्हणतात, बदली कामगार. त्याचे स्वतःचे नाव लिहायची पद्धत नव्हती. नियमाने तो तिथे नसायचाच. मी मूळ नावापुढे फक्त ‘बदली’ लिहून ठेवी.

१४ जानेवारी १९९४, शुक्रवार, संक्रांत. जगदेवला ताप होता. त्याच्या झुग्गीत राहणारा बिसेसर त्याचा पास घेऊन आला. मी ‘जगदेव’ पुकारले. बिसेसर ‘हाजिर’ म्हणाला. मी जगदेवच्या नावापुढे लिहिले: बदली. मग सगळ्यांना तिळगूळ दिला, आमच्या मराठी मंडळाच्या छापील कार्यक्रमपत्रिकांच्या पुड्या करून. बिसेसर म्हणाला, “बाबूजी, इसमें लिखा क्या है?” मी म्हटले, “लिखा है, मीठा बोलो.” तो म्हणाला, “मीठा तो बोल लेंगे, ठंड का कुछ लिखा है?”

धुके होते, वारा हाडात शिरत होता. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम होता आणि माझे काव्यवाचन. म्हणून मी चार वाजता हजेरीवही आमच्या हिंदीभाषी मुनीमजींकडे देऊन निघालो. संध्याकाळी आत गेलेले बेचाळीस, बाहेर आलेले एकेचाळीस. मुनीमजींनी वही पाहिली आणि म्हणाले, “जगदेव की तो बदली हो गई है, दूसरे शेड में होगा. गिनती पूरी.” हिंदीत बदली म्हणजे फक्त ट्रान्सफर. फाटक बंद झाले. त्या वेळी मी तिकडे पांढऱ्या शालीत उभा होतो आणि टाळ्या पडत होत्या.

बिसेसर दुपारी वाऱ्यापासून आडोसा म्हणून एका मोकळ्या कंटेनरमध्ये जाऊन निजला होता. परतीच्या मोकळ्या पेट्या कोणी आत डोकावून पाहत नाही. बाहेरून दांडा पडला, पेटी गाडीवर चढली. कागदावर तिचे वर्णन ‘रिकामी’.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेव अंगावर घोंगडी घेऊन फाटकावर आला. “बाबूजी, बिसेसर लौटा नहीं. मेरा पास भी उसी के पास है.”

मी मुनीमजींना विचारले. ते म्हणाले, “आप ही ने तो बदली लिखा है.” तेव्हा मला शब्द कुठे पडला ते समजले. मी सूर्यकांतकडे गेलो आणि म्हटले, डेपोत सांगू, शोधू, मोकळ्या पेट्यांची गाडी गेली आहे, पुढच्या स्टेशनांना फोन करू. सूर्यकांत म्हणाला, “आणि सांगणार काय? दुसऱ्याच्या पासावर माणूस घुसवला म्हणून? लायसन जाईल, भाल्या. बदलीवाले असेच पळतात. येईल.”

मी गप्प बसलो. गाडी तीन दिवस चालत होती. हे वाक्य मी एकोणतीस वर्षे कुठेही लिहिले नव्हते.

बाराव्या दिवशी पेटी मुंबईच्या बंदरात उघडली. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. खिशात जगदेवचा पास. सूर्यकांत एकटा मुंबईला गेला, प्रेत जगदेवचे म्हणून सही केली, जगदेव म्हणून अग्नी दिला. पोलिसांच्या यादीची नक्कल त्याने मला दाखवली: पास एक, बिडी बंडल एक, मराठी छपाईची कागदाची पुडी एक, रिकामी. पुडी रिकामी होती. म्हणजे तो जागा झाला होता. म्हणजे त्याने तिळगूळ खाल्ला होता. मी तेवढीच नक्कल मागून घेतली. त्या वेळी मला रडू आले, तर सूर्यकांत म्हणाला, “कवितेत रडायचं तेवढं रड. मस्टरमध्ये रडू नकोस.”

आता जिवंत जगदेव कागदावर मेला होता. त्याला मागेपुढे कोणी नव्हते. त्याच्या झुग्गीत बिसेसरचे रेशनकार्ड पडले होते, ते त्याने उचलले आणि तो बिसेसर झाला. गेली बावीस वर्षे माझ्या फाटकाबाहेर इस्त्री करणारा, गल्लीतल्या सगळ्यांना बिसेसर म्हणून माहीत असलेला माणूस तो जगदेव आहे. ठेला मीच लावून दिला. चांगुलपणाने दिला की नजरेसमोर राहावा म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. रोज सकाळी कोणीतरी वरच्या मजल्यावरून हाक मारते, “बिसेसर!” आणि खालून आवाज येतो, “हाँ जी!” दाढी करताना माझा हात थांबतो.

कलम ८. १९९५ साली होळीच्या आधी बिहारमधल्या कोसी नदीकाठच्या गावाहून एक बाई ऑफिसात आली. रामरती, बिसेसरची बायको. मुनीमजींना काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी जुने चोपडे चाळून ‘बिसेसर’ शोधले, सापडले नाही, तेव्हा माझ्याकडे बोट केले. मी म्हटले, “बदली हो गई है उसकी.” खोटे बोललो नाही अशी मी स्वतःची समजूत घातली, मराठीत बोललो म्हणे.

“कहाँ, बाबूजी?”

“बंबई.”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “वहाँ तो समुंदर है. चलो, अच्छा है, उसको तैरना आता है.”

मी तिला माझ्या घरचा पत्ता दिला, ऑफिसचा नाही, सूर्यकांतला दिसू नये म्हणून. तेव्हापासून दरवर्षी छठ झाली की एक पोस्टकार्ड येते. दुसऱ्याच्या अक्षरात, मजकूर तोच: बदली वापस हुई कि नहीं. अठ्ठावीस पोस्टकार्डे आहेत. पहिल्याला मी उत्तर दिले होते: कुशल है. बाकीच्या कार्डांना उत्तर द्यायचे तेवढेही धैर्य मला झाले नाही. शेवटचे गेल्या नोव्हेंबरात आले. म्हणजे ती आहे, आणि अजून कुंकू लावते.

कलम ९. बँकेतली मुदत ठेव सगळी रामरतीला द्यावी. सोबत ती हजेरीवही, पोलिसांची ती यादी आणि माझे बारा पानी हिंदी निवेदन, ज्यात वरील सर्व सहीनिशी कबूल केले आहे. माझ्या मृत्यूनंतर अलकनंदाने ते स्वतः गावी नेऊन द्यावे, आणि सरकारदप्तरी बिसेसर व जगदेव दोघांची नावे दुरुस्त करून घ्यावीत.

हे कलम मी परवा लिहिले. तसेच ठेवतो, पण त्यावर काट मारतो. कारण असे.

वही कपाटातून काढताना भेटीला आलेल्या अलकनंदाने त्या संक्रांतीचे पान पाहिले आणि विचारले, “बाबा, ह्या जगदेवची बदली कुठे झाली होती?” माझीच मुलगी, माझ्याच घरात मराठी शिकलेली. मी म्हटले, बदली म्हणजे काय गं? ती म्हणाली, “म्हणजे काय? ट्रान्सफर ना? आईची कृषी भवनला झाली होती तशी.” मग मी तिला दुसरा अर्थ सांगितला, आणि सांगता सांगता सगळेच सांगितले. तिने वही मिटून ठेवली. मग बाहेर जाऊन इस्त्रीच्या ठेल्यावरून जगदेवला आत घेऊन आली. त्याला खुर्चीवर बसवले. बावीस वर्षांत तो पहिल्यांदा या घरात खुर्चीवर बसला. मी त्याला कलम नऊ हिंदीत वाचून दाखवले.

तो म्हणाला, “मतलब आप मरोगे, तब उसको मालूम पड़ेगा?”

मी म्हटले, मृत्युपत्र असेच असते.

“और वो पहले मर गई तो?”

अलकनंदा म्हणाली, “बाबा, तुम्ही पुन्हा एकदा फाटकावर वही ठेवून निघताय. बिल्कुल तसेच.”

मुलीने एवढे कठोर बोलावे असे मी तिला वाढवले नाही. कोणी वाढवले, देव जाणे, चांगले वाढवले.

तेव्हा कलम ९ रद्द. ते माझ्या मृत्यूनंतर नव्हे, हयातीत अमलात येईल. बुधवारच्या गाडीची तीन तिकिटे काढली आहेत: मी, अलकनंदा, जगदेव. वही आणि यादी मी स्वतः रामरतीच्या हातात देईन आणि ‘बदली’चा अर्थ तिला सांगेन. नंतर ती मला जे म्हणेल ते मी उभा राहून ऐकेन. ठेव तिची आहेच. तिने नाकारली तर तिचा निर्णय. वाटेत माझे काही झाले तर गाडीतून प्रेत उतरवण्यासाठी दोघांनी परत फिरू नये. एकाने उतरावे, एकाने पुढे जावे.

कलम १०. जगदेवला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला दिलेली वस्तू टिकत नाही. आणि त्याला साक्षीदार व्हायचे आहे. वकील असेही म्हणाले की कागदावर मेलेल्याची साक्ष चालायची नाही, शिवाय त्याच्यावरच बालंट येईल. मी जगदेवला सांगितले. तो म्हणाला, “आने दो. नाम तो आएगा न?” म्हणून कायद्यापुरते दोन साक्षीदार आहेत, आणि तिसरा आमच्या दोघांपुरता.

आज सकाळी सगळे जमले. डॉक्टरीणबाईंनी तिळगूळ आणला होता. सही करण्याआधी मी मास्तरांच्या चालीवर हजेरी घेतली. डॉ. प्रभा. हजर. राजाभाऊ. हजर, म्हणाले, आणि हसले. मग मी पुकारले, “जगदेव.” त्याने आधी मागे वळून पाहिले. मग चष्मा काढला, आणि म्हणाला, “हाजिर.”

मग मी बिसेसरचे नाव पुकारले. कोणीही ओ दिली नाही. चालीत जिथे खड्डा पडायला हवा होता तिथे तो पडला, आणि मी मास्तरांसारखा थांबलो. एकोणतीस वर्षांनी हजेरी बरोबर लागली.

वर लिहिलेले सर्व माझे आहे, खाडाखोड कलम ९ वर आहे ती मीच केली आहे.

भालचंद्र गुणवंत सबनीस (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. डॉ. प्रभा दिघे (सही)
२. राजाभाऊ कारखानीस, शेजारी (सही)
३. जगदेव, इस्त्रीवाला (सही, प्रथमच या नावाने)

फरीदाबाद, रविवार, मकर संक्रांत, १५ जानेवारी २०२३