तलावकाठची फरशी

३ एप्रिल

चि. सौ. ठमीस, बाबांचे अ. उ. आ.

डॉक्टरांनी तुला पाण्यात व्यायाम करायला सांगितला आणि जावईबापूंनी परसात थेट पोहण्याचा तलावच खणायला घेतला, हे वाचून ऊर भरून आला. मागच्या वर्षी तू जिन्यात दोनदा धडपडलीस, तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे. तुझ्या पायांत जोर यावा, एवढंच माझं मागणं.

तलावाभोवती घोटीव संगमरवर घालायचा त्यांचा बेत मात्र मोडून काढ. ओल्या पायांनी त्यावर चालायचं तर आधी हाडवैद्य बघून ठेवावा लागेल. चाळीस वर्षं फरश्या बसवल्या मी. चित्रं बघून फरशी निवडणारी गिऱ्हाइकं मला तोंडपाठ आहेत. पाच नमुने पाठवले आहेत, मागे आकडे घातलेत: संगमरवर, पिवळसर खडबडीत दगड, खरखरीत काळा ग्रॅनाइट, लाकडी फळी आणि सिमेंटची टाइल. सकाळपासून उन्हात ठेव. दुपारी दोनला एकेकीवर अनवाणी उभी राहून दहा मोज. मग पाणी ओतून पुन्हा. माझ्या कामात हे तुझी आई करायची, आठवतं ना?

पिटुकलीला आजोबांचा पापा. पत्राची वाट बघतो.

तुझा,
बाबा

१४ एप्रिल

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

आज परीक्षा पार पडली. हे चपला घालून पंच म्हणून उभे होते. संगमरवरावर पाणी पडताच मी घसरले; ह्यांनी दंड धरला म्हणून वाचले, आणि संगमरवराचा सोस तिथल्या तिथे उतरला! फळीची कुसं हाताला लागतात. सिमेंटची टाइल म्हणजे अगदी रस्ता.

मला तीन नंबरची काळी फार आवडली. ओली झाली तरी घसरत नाही, आणि भर दुपारी छान गार होती. दहाच काय, वीस मोजले. खरं तर पाचही सारख्याच गार वाटल्या. तुम्ही उगाच उन्हाचा बाऊ करता. काळीच मागवू या?

तब्येतीला जपा. तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची,
ठमी

२० एप्रिल

चि. सौ. ठमीस, अ. उ. आ.

काळी मागवू नका. भर दुपारी काळा ग्रॅनाइट गार लागत नाही गं, कुणालाच नाही. तीन मोजायच्या आत माणूस उडी मारतो. पत्र मिळताच जावईबापूंना चपला काढून त्यावर उभं कर, आणि तुझे तळवे त्यांना बघू दे. आज थट्टा सुचत नाही. लगेच कळव.

बाबा

२९ एप्रिल

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

ह्यांना दोनसुद्धा मोजता आले नाहीत. मग त्यांनी माझे तळवे बघितले. दोन्हींवर फोड होते, एक फुटून चिघळलेला. इतके दिवस मी त्यावर चालत होते आणि मला पत्ताच नाही. हे तिथेच पायरीवर बसून रडले. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, घोट्यापर्यंतची संवेदना गेली आहे. पाण्यातल्या व्यायामानं आहे तो जोर टिकेल, गेलेलं परत येणार नाही. नसांचा हा आजार बहुतेकदा आईवडिलांकडून येतो, म्हणून त्यांनी तुमच्याविषयी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे कुणालाच नाही. घरी येताना मात्र आठवलं, की फरशीवर नेहमी आईच उभी राहायची. तुम्ही कधीच नाही. बाबा, तुमच्या पायांना कळतं का?

ठमी

६ मे

चि. सौ. ठमीस,

नाही कळत.

पस्तिशीत असताना पायात खिळा घुसला, तो संध्याकाळी मोजा काढताना दिसला. वाटलं, सिमेंटात राबून पाय मेले असतील. या धंद्यात व्हायचंच. कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्याच्या पायाला चटका कळत नाही, त्याच्याकडून फरशी कोण बसवून घेणार? तुझ्या आईला तेवढं ठाऊक होतं. तिनं तोंडाला कुलूप लावलं आणि माझ्या जागी ती उभी राहिली. ती गेल्यापासून मी हाताच्या तळव्यानंच अंदाज घेतो.

हे माझ्याकडून तुला जाईल, असं स्वप्नातही आलं नाही. तेव्हाच डॉक्टरला दाखवलं असतं, तर तुलाही वेळेवर कळलं असतं. वर तुला त्या तापल्या दगडावर मीच उभं केलं. क्षमा मागायची म्हटलं तरी हात धजत नाही.

दोन नंबरचा पिवळसर दगड घ्या. तो तापत नाही फारसा.

बाबा

१९ मे

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला सांगू, राग आला होता. चार दिवस तुमचं पत्र पुन्हा हातात धरवलं नाही. मग वाटलं, तुम्हाला तरी कुणी कधी काय सांगितलं होतं?

पिवळसर दगडच बसतो आहे. पायरी काढून उतार केला. उद्या खुर्ची लागली, तर चाकं थेट काठापर्यंत जावीत.

आता पिटुकलीचं. तिची तपासणी करायची की नाही, हे तिनं मोठी झाल्यावर स्वतः ठरवावं, असं डॉक्टर म्हणतात. परवा ती खेळता खेळता त्या काळ्या नमुन्यावर चढली आणि किंचाळून माझ्या अंगावर येऊन आदळली. ती चटक्यानं रडत होती आणि मी हसत होते, बाबा. कसली आई मी!

एक मागते. काठाच्या एका कोपऱ्यात एक काळी फरशी बसवायची आहे. दर उन्हाळ्यात तिला क्षणभर त्यावर पाय टेकवायला सांगेन. हे म्हणतात, हा क्रूरपणा आहे. तुम्ही काय म्हणता?

ठमी

२८ मे

चि. सौ. ठमीस, बाबांचे अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. जावईबापूंचं बरोबर आहे आणि तुझंही. काळी फरशी आज पाठवली. कडा मी स्वतः घासून गोल केल्या आहेत, पिटुकलीचा पाय खरचटायला नको.

फक्त, पाय टेकवायला सांगण्याआधी तिला कारण सांग. मी आणि तुझ्या आईनं तुला काहीच सांगितलं नाही, तसं करू नकोस.

आणि दर उन्हाळ्यात मला पत्र टाक. बाकी काही लिहू नकोस. ‘ओरडली’ एवढंच लिहिलंस, की मला वर्षभर पुरेल.

तुम्हा तिघांत माझा जीव आहे. तुमचा माझ्यावर राहू द्या.

तुझा,
बाबा