पट्ट्याची करकर

बाबा, किन्हवलीची आपली जुनी भातगिरण आता बंद आहे, तरी तिथं रोज आवाज असतो. तुमची नात आणि तिच्यासारखी पंधराएक पोरंपोरी तिथं सराव करतात. ऑर्केस्ट्रा म्हटलं की गावाला सिनेमाची गाणी वाटतात. हे तसलं नाही. आज हयात असलेल्या माणसांनी लिहिलेलं नवं शास्त्रीय संगीत, तेवढंच ही वाजवतात. शेजारचा म्हणतो, "शेट, पोरांना सांगा, आधी वाद्यं तरी लावा." माझ्या तीन गिरण्या मी कानावर चालवतो, पण यातलं नीट काय नि बिघडलेलं काय, मला कळत नाही. परवा दुपारी दारात उभा होतो. चेलोवाल्या पोरानं गज तारेवर दाबून ओढला, आणि गिरणीचा पट्टा तुटायच्या आधीची ती कोरडी करकर आली. माझा हात थेट खटक्यावर. दिवे, पंखे सगळं बंद. "काका, एवढं वाईट वाजवलं?" तो म्हणाला. सगळी हसली. आपली पोरगी तेवढी हसली नाही. "बाबा, चूक नाय ती. तसंच लिहिलंय." मग मीही हसलो, पण हात खटक्यावरून काढला नाही.

तेव्हा मी विशीतला, याच गिरणीत. माणसं भाताची पोती घेऊन रांगेत आहेत, मला करकर ऐकू येते, मी खटका पाडतो. तुम्ही पट्टा तपासता, काही सापडत नाही. सगळ्यांसमोर म्हणता, "कान हायेत का सुपं? परत गिरण बंद केलीस तर घरी बस." चौथ्या दिवशी पट्टा तुटला, तुमचा उजवा हात घेऊन गेला. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होतात, "आवाजच नाय झाला रे. झाला असता तर माज्या पोरानं ऐकला असता."

रविवारी मुरबाडच्या हॉलमध्ये यांचा पहिला कार्यक्रम. पोरीनं माझ्यासाठी पहिल्या रांगेत जागा ठेवलीय. "फक्त उठू नका," म्हणाली. त्यांच्या वाजवण्यात तो आवाज तीनदा येतो. मी ओरडेन, तिचं सगळं मोडेन, ही भीती आहेच. पण गप्प बसायची भीती त्याहून मोठी. हात मांडीखाली दाबून बसेन म्हणतो.

हे तिला दाखवणार नाही, तुम्ही गेलात, तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. त्या चौथ्या दिवशी आवाज झाला होता, बाबा. मी पोत्याचं तोंड शिवत होतो. शिवत राहिलो.