टोकावरचे काटे

प्रिय मनीष,

पत्राची रीत म्हणून ‘प्रिय’ लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हिंजवडीच्या पत्त्यावर हे पाठवतेय.

आबांचं खुब्याचं हाड जुळतंय. धुक्यात कड्याच्या टोकावरून घसरले ते खालच्या कारवीच्या झुडपांत अडकले म्हणून वाचले. तू दवाखान्यात आलास, सफरचंदं ठेवलीस आणि त्यांच्या नजरेला नजर न देता निघून गेलास. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

दर पावसाळ्याआधी आपल्याकडे टोकाच्या अलीकडे करवंदीच्या फांद्या आडव्या लावतात. पुढचं गवत छान हिरवं दिसतं, पण त्याच्याखाली जमीन नसते. धुक्यात म्हैस शोधायला गेलेला माणूस डोळ्यांच्या नाही, त्या काट्यांच्या भरवशावर चालतो. पोटरीला काटा लागला की मागे फिरायचं. हे तुला मी सांगायला हवं का? आबांचं बोट धरून तूही तसाच चाललायस.

आणि तेच काटे तू उपटून फेकलेस. कशासाठी, तर तुझ्या शनिवार-रविवारच्या ट्रेकवाल्यांच्या फोटोत ते मध्ये येत होते. आपण ज्याला नुसतं टोक म्हणतो, त्याला तू ‘स्वर्गकडा’ म्हणतोस. तूच टाकलेल्या फोटोंत सगळे मोकळ्या गवतावर हात पसरून उभे आहेत. फांद्यांचा ढीग मला शेजारच्या जाळीत सापडला. मंडळी उतरल्यावर त्या परत लावायचे कष्टही तू घेतले नाहीस. मला तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर थोबाडीत दिली असती.

आबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, काटा लागला नाही म्हणजे आपणच वाट चुकलो, आता आपलं डोकं चालत नाही. डॉक्टर म्हणतात दसऱ्यानंतर हिंडाल-फिराल, पण ते रानात पाऊल टाकायला तयार नाहीत. दोन्ही म्हशी वाडीतल्या बहिरूला द्यायचं ठरवलंय, तो अमावस्या झाली की न्यायला येईल. मी खरं सांगितलं तर म्हणतील, पोरगी समजूत काढतेय. तुझ्या तोंडून ऐकलं तरच त्यांना पटेल.

तरीही तुला लिहिणार नव्हते. काल आबांनीच मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, “मन्याला कळीव, धुक्याचं पोरांना तितं नेऊ नको म्हणावं. माझा अंदाज चुकला, तर त्याचा कुटनं बरोबर येनार? पडंल कुटंतरी.” त्यांचा निरोप पोचवला. आता ये, त्यांच्या खाटेपाशी बस आणि काटे कोणी काढले ते सांग. एवढंही जमणार नसेल, तर मला बहीण म्हणू नकोस.

तुझीच, नाइलाजाने,
साधनाताई