छबूच्या रडण्याबाबतची व्यवस्था

मी, सत्यभामा धोंडीराम गाडेकर, वय सदुसष्ट, धंदा शेती व दुभती जनावरं, राहणार चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, हे माझं शेवटचं म्हणणं स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दाब टाकलेला नाही. टाकणारे सध्या फोनमध्ये गुंतलेत.

१. ओढ्याकाठची दोन एकर जमीन मी दुधाच्या पैशातून घेतली, माझ्या नावची आहे. माझ्या पश्चात ती नात अनन्या हिला मिळावी. हे नाव तिच्या बापाने टीव्हीच्या मालिकेतून उचललं. मी तिला छबू म्हणते आणि ती ओ देते. ती आठ वर्षांची, कायद्याने अज्ञान. म्हणून ती सज्ञान होईपर्यंत तिची आई आशामती हिने पालनकर्ती म्हणून जमीन पाहावी. बापाने बांधावरही उभं राहू नये.

२. बाप म्हणजे माझा मुलगा गहिनीनाथ. त्याला जमीन का नाही, हे उद्या कोणी विचारेल म्हणून सांगते. आमच्या महिला दूध संस्थेत त्याला मीच चिकटवला होता. दुधाचं माप घ्यायचं सोडून तो दुष्काळाचे व्हिडिओ करू लागला. टँकरपाशी मला रिकामी घागर घेऊन रडायला सांगितलं. मी म्हटलं, "माझी घागर भरलीय, कावून रडू?" मग त्याने छबूला धरलं. लेकराच्या डोळ्यांखाली बाम चोळला. भरलेली घागर तिच्या हातून सांडवली. मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा सांडवली. अख्खं गाव पाण्याला महाग, आणि हा पाणी सांडून दुष्काळ दाखवतो. शहरातल्या लोकांनी डोळे पुसले, बिस्किटांचे खोके पाठवले. मला त्या खोक्यांची किळस येते.

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडत होते. एकदा पेपरवाला फोटो काढायला आला. आम्ही सगळ्या बायका त्याच्याकडे पाठ करून बसलो. मुकादम ओरडला, तरी वळलो नाही. उपाशी होतो, पण तोंड आमचं होतं.

३. यंदा चारा छावणीत आमची चंद्री गाय गेली. तिच्याच दुधावर छबू वाढली. कळताच पोरगी धावत आली, गायीपाशी उभी राहिली आणि बापाकडे बघून म्हणाली, "पप्पा, चालू हाय का?" तो म्हणाला, चार्जिंग संपलंय. तशी ती म्हणाली, "मंग मी नंतर रडते." आणि जाऊन बिस्किटं खात बसली. मी तिच्यावर हात उगारला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गहिनीनाथला मात्र त्या दिवसापासून मी माझ्या हातची भाकर वाढलेली नाही, आणि याचं मला वाईट वाटत नाही.

४. दूध संस्थेतले माझे भाग सून आशामतीच्या नावे करावेत. आजवर ती नवऱ्याच्या व्हिडिओसाठी बॅटरीचा उजेड धरून उभी राहायची, हे मी विसरलेले नाही. पण छावणीत पोरीचं ते बोलणं ऐकून तिने मान खाली घातली. तेवढ्यावर भरवसा ठेवते.

घरातला मोठा टीव्ही गहिनीनाथने न्यावा. कय्युमभाई मेकॅनिकला विचारलं, तो भंगारातही घेत नाही म्हणाला.

छबूचं तोंड पुन्हा व्हिडिओत दिसलं, तर जमिनीचं त्या वर्षीचं पीक दूध संस्थेला जावं.

५. माझ्या मातीबाबत. मी गेले की छबूला ताबडतोब मांजरसुंब्याला तिच्या मामाकडे पाठवावं. माती होईपर्यंत आणू नये. नाहीतर गहिनीनाथ तिला माझ्या मढ्यापुढे उभी करणार, हे मी लिहून देते. मातीला ती जवळ असावी असं मला फार वाटतं. म्हणूनच आज, हातपाय धड असताना, हे लिहिते. मरायला टेकल्यावर माझाच जीव ऐकणार नाही. मामाकडे तिला रडू आलं तर रडेल, नाही आलं तर खेळेल. कोणी तिच्या तोंडाकडे बघत बसू नये.

पुढे लोक टोमणे मारतील, आजीच्या मातीलासुद्धा ही नव्हती म्हणून. तेव्हा आशामतीने तिला हा कागद वाचायला द्यावा. छबू, मीच तुला पाठवलं होतं.

वरचा मजकूर सुरैयाने मोठ्याने वाचला, वच्छलाबाईने ऐकला. दोघी माझ्याबरोबरच्या, दूध संस्थेतल्या. त्यांच्या देखत सही करते.

सही: सत्यभामा धोंडीराम गाडेकर

साक्षीदार:
१. सुरैया कय्युम शेख (सही)
२. वच्छलाबाई म्हाळू खरात (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: चकलांबा
दिनांक: ४ जून २०१९